जमेका किनकेड वाचायला घेताय?

आधी एक गोंधळ मिटवा: नाव जमेका (जमैका देशाचंच) असलं तरी या लेखिका कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटाच्या. हे बेट 1981 पर्यंत ब्रिटिशांकडे होतं.

सुरुवात ‘अ‍ॅनी जॉन’पासून (1985) करा. छोटी कादंबरी, सोपं इंग्रजी. त्यातलं कोलंबसचं प्रकरण मात्र सावकाश वाचा. पाठ्यपुस्तकात बेड्या घातलेल्या कोलंबसचं चित्र आहे. अ‍ॅनी त्याखाली खोचक ओळ लिहिते. शिक्षा काय, तर मिल्टन या इंग्रज कवीच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्याचे पहिले दोन सर्ग उतरवून काढायचे! सत्ता वर्गात कशी शिरते, हे इथे जेवढं कळतं तेवढं दहा प्रस्तावना वाचून कळणार नाही. आई-मुलीचं भांडणही निव्वळ घरगुती समजू नका.

मग ‘अ स्मॉल प्लेस’ (1988). इथे नवे वाचक हमखास अडखळतात.

- ही कादंबरी नाही, जेमतेम 80 पानांचा निबंध आहे.
- त्यातला ‘तुम्ही’ म्हणजे युरोप-अमेरिकेतून आलेला पर्यटक. सूर बोचरा आहे, मुद्दामच. चिडून पुस्तक मिटू नका.
- सगळा राग गोऱ्यांवरच आहे असं धरून अर्ध्यात थांबू नका. 1974 च्या भूकंपात मोडलेलं ग्रंथालय स्वातंत्र्यानंतरही ‘दुरुस्ती बाकी’ या पाटीसह तसंच पडून राहतं. तिथून रोख देशी मंत्र्यांकडे वळतो.

‘लूसी’ (1990) ही कादंबरी त्यानंतर. वसाहतवादावरचे सिद्धांतग्रंथ तूर्त कपाटातच राहू द्या.