जवळीक म्हणजे साधना नव्हे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

गुरुजींच्या कार्यालयात तुला बोलावलंय, पुढे विश्वस्त म्हणून घेण्याचीही भाषा चाललीय, आणि इतक्या लहान वयात एवढी जवळीक कुणाच्या वाट्याला येत नाही असं सगळे तुला सांगताहेत. जाऊ का, असं तू विचारतेस. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट मनात पक्की झाल्याशिवाय जाऊ नकोस. गुरूच्या खोलीपासून तू किती पावलांवर बसतेस, याचा तुझ्या ध्यानाशी काहीही संबंध नाही. आत गेल्यावर तुला रोज, गोड शब्दांत, याच्या उलट शिकवलं जाईल.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला याचं उदाहरण शोधायला कोरेगाव पार्कच्या पुढे जावं लागत नाही. तिथल्या आश्रमाच्या रजनीशांबद्दल, म्हणजे पुढच्या ओशोंबद्दल, तुझ्या पिढीला ऐकून जे ठाऊक आहे ते बहुतेक मोटारी आणि भगवे कपडे एवढंच. मला तुला त्यांच्या भोवतीच्या माणसांबद्दल सांगायचंय.

२१ मार्च १९७४ ला ते मुंबईहून पुण्याला आले. लाओ त्झू हाउसमध्ये राहत, सकाळी प्रवचनाला बाहेर येत, संध्याकाळी थोड्या लोकांना दर्शन देत, एरवी खोलीतच. आश्रमाचा सगळा कारभार मा योग लक्ष्मी बघत. मुंबईच्या दिवसांपासून त्याच त्यांच्या सचिव, आणि नवसंन्यास, म्हणजे रजनीशांची दीक्षा, घेणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी एक. रोज गुरूंसमोर बसून कामाचं बोलणार त्या, आणि बाहेर येऊन "भगवान असं म्हणाले" हेही सांगणार त्याच. लक्ष्मींबद्दल वाईट बोलणारी माणसं मला फार भेटली नाहीत. तरीही ती रचना बघ. हजारो माणसं, एक खोली आणि तिच्या दारात एकच व्यक्ती. ती व्यक्ती चांगली आहे तोवर सगळं ठीक चालतं, म्हणून ही रचना धोक्याची आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

प्रवचनाच्या दारावर तर वास घेणारे कार्यकर्ते उभे असत. गुरूंना सुगंधाची ॲलर्जी होती, तेव्हा कुणाच्या केसांना शांपूचा किंवा अत्तराचा वास आला तर त्याला आत सोडत नसत. कारण खरंच होतं, आजारपणाचं होतं. पण रोज सकाळी कोण आत जाणार हे ठरवायची सवय एकदा हाताला लागली की ती वासापुरती राहत नाही. पुढे बसणारे आणि मागे बसणारे असे दोन वर्ग आपोआप तयार होतात, आणि मागच्यांचा निम्मा जीव पुढे सरकण्यात जातो. ध्यान करायला आलेली माणसं जागा मोजायला लागतात.

१९८१ मध्ये गुरूंनी जाहीर बोलणं बंद केलं. माझ्या मते साऱ्या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग हाच. पुढे काही वर्षं गुरूचा शब्द म्हणजे सचिवाने येऊन सांगितलेला शब्द, असंच झालं. आणि त्याच सुमारास सचिव बदलली. लक्ष्मी भारतातच नव्या जागेच्या शोधात हिंडत होत्या. तोवर त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या शीलांनी सूत्रं घेतली आणि सगळा संसार अमेरिकेत, ओरेगॉनमधल्या सुमारे ६४ हजार एकरांच्या माळावर गेला. लक्ष्मी मागाहून तिथे पोहोचल्या, तेव्हा त्यांच्यासाठी काही काम उरलं नव्हतं. ज्या बाईने मुंबईतल्या फ्लॅटपासून हे सगळं उभं केलं, तिला बाजूला करताना कुणी आवाज उठवला नाही, कारण दाराची किल्ली आता दुसऱ्या हातात होती. तू ज्या खुर्चीवर बसणार आहेस त्या खुर्चीवर आधी कोण होतं आणि ती व्यक्ती आज कुठे आहे, हे विचारून घे. उत्तर देताना समोरच्याचा चेहरा कसा होतो तेही बघ.

ओरेगॉनच्या त्या माळावर वसवलेल्या रजनीशपुरममध्ये कामाला काम म्हणत नसत, पूजा म्हणत. खात्यांना मंदिरं म्हणत. दिवसाला बारा-बारा तास पूजा, सुट्टी नाही, आणि तक्रार केली तर तो तुझा अहंकार. ज्या चळवळीची ओळखच ध्यान, तिथे ध्यानाला वेळ उरेना. थकलेला माणूस प्रश्न विचारत नाही, आणि आपल्या सेवेचा हिशेब मागणं त्याला पाप वाटतं. तुझ्या पहिल्या तीन महिन्यांत सकाळची ध्यानाची बैठक किती वेळा "महत्त्वाच्या कामामुळे" चुकली, याची वहीत नोंद ठेव. बाकी कशावर विश्वास ठेवू नकोस, त्या नोंदीवर ठेव.

पुढचं सगळं न्यायालयाच्या कागदांत आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर १९८४ मध्ये ओरेगॉनमधल्याच द डॅल्स या गावातल्या हॉटेलांच्या सॅलडच्या टेबलांवर शीलांच्या गटातल्या माणसांनी साल्मोनेलाचे जंतू टाकले. ७५१ माणसं आजारी पडली. नोव्हेंबरातल्या जिल्ह्याच्या निवडणुकीत गावकऱ्यांनी मतदानाला येऊ नये, हा हेतू. गुरूच्या खोलीत आणि टेलिफोनवर चोरून ऐकण्याची यंत्रं बसवली होती. १९८५ मध्ये गुरूच्या डॉक्टरला विषाचं इंजेक्शन दिलं गेलं, तो वाचला. सप्टेंबर १९८५ मध्ये शीला आणि त्यांच्या जवळच्या बायका-पुरुष निघून गेले, आणि गुरूंनी जाहीरपणे त्यांच्यावर आरोप केले. १९८६ मध्ये शीलांना शिक्षा झाली. त्याआधी गुरूंनाही अटक झाली होती आणि इमिग्रेशनच्या गुन्ह्यात चार लाख डॉलरचा दंड भरून ते देशाबाहेर पडले होते.

हे सगळं वाचून लोक म्हणतात, गुरू भोळे होते, भोवतालच्यांनी घात केला. मला ते पटत नाही, आणि तुलाही पटू नये असं मला मनापासून वाटतं. सगळं दार एका हातात द्यायचं, वर्षानुवर्षं त्या हाताला शाबासकी द्यायची, आणि शेवटी मला ठाऊक नव्हतं म्हणायचं, हे जबाबदारीतून सुटणं नव्हे. पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती त्या कोंडाळ्यातल्या साध्या माणसांची. जंतूंची बाटली नेणारी, चोरून ऐकलेलं टिपून ठेवणारी, सुई टोचणारी माणसं गुन्हेगार म्हणून आली नव्हती. ती आली होती तुझ्यासारखीच, शांत बसायला. त्यांना एका दिवसात कुणी विष द्यायला सांगितलं नाही. आधी कोण काय बोलतं ते कळव म्हणून सांगितलं असेल. मग हे इतरांना सांगू नकोस. मग या कागदावर सही कर, वाचायची गरज नाही. दर पायरीला मागितली गेली ती निष्ठा, आणि ती ध्यानाशी नव्हे, दारातल्या माणसाशी.

म्हणून कुणी तुला गुरुबंधूंचं बोलणं कळवायला सांगितलं, तर पहिल्याच वेळी नाही म्हण. सभ्यपणे म्हण, पण नाहीच म्हण. पहिला नकार सोपा असतो. दहाव्या वेळेपर्यंत तुझ्याकडे इतरांची इतकी गुपितं जमतील की तुझीही गुपितं कुणाकडे तरी असतील, आणि मग नाही म्हणण्याची ताकद उरणार नाही.

हे दाराचं दुखणं काही परदेशी पाहुण्यांनी आणलेलं नाही. पंढरपुरात विठ्ठलाच्या पायाशी जाण्याची वाट पिढ्यान् पिढ्या बडव्यांच्या हातात होती. १९४७ मध्ये साने गुरुजींनी दलितांना मंदिर खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढण्याचा कायदा १९७३ चा, आणि तो सर्वोच्च न्यायालयात कायम व्हायला २०१४ साल उजाडलं. देव दगडाचा असून एवढं लागलं, तर जिवंत गुरूच्या दारावरचा हक्क किती लवकर मुरत असेल याचा विचार कर.

आता गुरू गेल्यानंतरचं. तुमचे गुरुजीही आता वयाने थकलेत, म्हणून हे तुझ्या कामाचं आहे. १९८९ मध्ये रजनीशांनी, म्हणजे तोवर ओशो झालेल्या त्या गृहस्थांनी, कारभारासाठी २१ जणांचं एक अंतर्मंडळ नेमलं. एका हाताऐवजी एकवीस हात. शीलांच्या प्रकरणानंतरचा शहाणपणा म्हणायला हरकत नाही. १९ जानेवारी १९९० ला ते गेले. पुढच्या वर्षांत त्या मंडळातले कितीतरी बाहेर पडले, आणि मालकी, पुस्तकांचे हक्क, ओशो हे नाव, यांवरून जगभरच्या शिष्यांत भांडणं लागली. अमेरिकेत २००९ मध्ये त्या नावावरचा ट्रेडमार्कचा दावा फेटाळला गेला. २०१३ मध्ये युरोपातल्या अशाच वादात १५ ऑक्टोबर १९८९ या तारखेचं, ओशोंच्या नावचं एक मृत्युपत्र पुढे आलं, आणि त्यावरची सही बनावट असल्याची तक्रार पुण्याच्या पोलिसांकडे गेली. कोरेगाव पार्कातले दोन भूखंड १०७ कोटींना विकायला परवानगी मागितली होती; डिसेंबर २०२३ मध्ये धर्मादाय आयुक्त कार्यालयाने ती नाकारली. जुने संन्यासी एका बाजूला, व्यवस्थापन दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडे जन्मभर ध्यान केलेली माणसं. मला यात सर्वांत दुःख कशाचं वाटत असेल तर याचं. चाळीस-चाळीस वर्षं डोळे मिटून बसलेली माणसं एकमेकांशी वकिलांमार्फत बोलतात.

विश्वस्त होण्याचा मान तुला मोठा वाटतोय, पण तो मान नाही, कायद्याची जबाबदारी आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदा लागू आहे. तुमच्या संस्थेचा परिशिष्ट १ चा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीतला उतारा, मागून घे. त्यात आज कुणाची नावं आहेत, मालमत्ता कोणती दाखवली आहे ते वाच. तुझं नाव लागायचं तर बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला की नाही ते बघ, नाहीतर तू नुसती सह्यांपुरती विश्वस्त राहशील. स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. "गुरुजींची इच्छा आहे" ही परवानगी नव्हे. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल माग. हे मागितल्यावर कुणी तुझ्या श्रद्धेबद्दल बोललं, तर कागद हाती येण्याआधीच तुला उत्तर मिळालंय असं समज.

नोकरी सोडू नकोस. निदान वर्षभर तरी नाही. स्वतःची भाकरी स्वतःची असेल तरच नाही म्हणता येतं. ज्यांची राहण्या-जेवण्याची सोय आश्रमात होती त्यांना ओरेगॉनहून निघताना घरचं तिकीट काढायला पैसे नसत. आणि आश्रमाबाहेरची एक तरी मैत्रीण ठेव, जिला गुरुजींबद्दल काडीचंही प्रेम नाही. तिच्याशी महिन्यातून एकदा जेव. तिला सांगायला लाज वाटेल असं काही तू करायला लागलीस, तर ते तिथेच कळेल.

गुरूवर प्रेम करू नकोस असं मी कधीच सांगणार नाही. मला माझ्या आयुष्यात जे मिळालं ते गुरूकडूनच मिळालं, आणि त्यांच्याशी मी दोन वाक्यांपेक्षा जास्त कधी बोलले नाही. मागच्या ओळीत, चटईवर, पाय सुन्न होईपर्यंत बसून मिळालं. प्रेमाला जवळची खुर्ची लागत नाही. तुझं प्रेम खरं असेल तर तू कार्यालयात गेलीस काय नि न गेलीस काय, उद्या सकाळी बैठकीला तशीच बसशील. पण एकदा नाही म्हटल्यावर बैठकीत तुला कुणी जागा देत नाही असं झालं, तर ती जागा ध्यानाची नव्हतीच.

त्यांना सोमवारपर्यंत उत्तर हवं आहे म्हणतेस. सोमवारी उत्तर देऊ नकोस. उतारा आणि अहवाल बघून महिनाभराने सांगते असं लेखी कळव, तोंडी नको. तोवर कुठल्याही कागदावर सही करू नकोस. उताऱ्याची प्रत मिळाली की मला पाठव, आपण दोघी बसून वाचू. त्यातली भाषा पहिल्यांदा वाचणाऱ्याला कळत नाही.

तुझी,
मावशी