मुलगी बारावीनंतर पुण्याला शिकायला जाणार आहे. आई-वडील म्हणून आधी काय तयारी करावी?

सामान काय द्यावं, खर्चाला महिना किती द्यावेत, मन कसं घट्ट करावं, असं तुम्ही विचारलंय. आणि मध्येच एक वाक्य टाकून पुढे गेलाय, "सुदैवाने तिची आत्या पुण्यातच आहे, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नाही." अहो, खरा प्रश्न तोच आहे. बादल्या आणि चादरी कुठेही मिळतात.

मी मूळची बार्शीची. नव्वदच्या दशकात बारावी सायन्स झाले आणि बीएस्सीला पुण्यात मामाकडे आले. हॉस्टेलचा फॉर्मसुद्धा कुणी आणला नव्हता. सख्खा मामा पुण्यात असताना भाची हॉस्टेलवर राहिली तर मामाचं नाक कापलं जाणार, एवढाच विचार. मामाचं घर सहकारनगरला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यात मामा, मामी, त्यांची दोन पोरं आणि आता मी.

माझी गादी हॉलमध्ये. टीव्ही बंद झाल्याशिवाय ती घालायची नाही, आणि घातली की दिवा मालवायचा, कारण आतल्या खोलीत उजेड जातो. मग अभ्यास स्वयंपाकघरात, ओट्यावर. माझ्या फिजिक्सच्या जर्नलची अर्धी पानं तेलकट होती. आलेखाच्या कागदाला तेल लागलं की तो आरपार दिसायला लागतो, मागच्या प्रयोगाची रेघ पुढच्या प्रयोगात घुसते. सर एकदा जर्नल उजेडाकडे धरून म्हणाले, "हा ग्राफ आहे की धिरडं?" वर्ग हसला, मीही हसले. त्यांना काय सांगणार होते?

माझे वडील मानी. पोरगी कुणाच्या घरी फुकट राहते हे त्यांना सहन होणारं नव्हतं. पण मेहुण्याच्या हातावर पैसे ठेवायचे कसे? म्हणून सुगी झाली की ज्वारीचं पोतं आणि तूरडाळ एसटीच्या टपावर टाकून पाठवायचे. झालं, पोरीच्या खाण्याचं फिटलं. आता मामाकडे जेवणात पोळ्या. मामी पुण्यातच वाढलेली, तिला भाकरी थापता येत नव्हती. पोतं घरात येऊन पडलं तेव्हा ती म्हणाली, "तुला येतात ना गं भाकरी?" येत होत्या. मग रोज संध्याकाळी कॉलेजातून आलं की परात पुढ्यात. म्हणजे माझ्या राहण्याचा मोबदला म्हणून आलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या मीच थापत होते. मामीच्या लेखी त्या पोत्याची किंमत शून्य, कारण तिच्या पोरांना भाकरी आवडायची नाही. वडिलांच्या लेखी सगळा व्यवहार चोख. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि मध्ये मी.

तक्रार कुणाकडे करणार? फोन हॉलमध्ये. रविवारी वडील एसटीडी बूथवरून फोन लावायचे, तो मामा उचलायचा, चार वाक्यं बोलून माझ्याकडे द्यायचा आणि तिथेच पेपर वाचत बसायचा. "कशी आहेस?" "बरी आहे." "काही हवंय?" "नाही." पदवी होईपर्यंत माझं घरच्यांशी एवढंच बोलणं झालं असं म्हटलं तरी चालेल. मैत्रिणी हॉस्टेलवर होत्या. मेसच्या आमटीला नावं ठेवायच्या, रात्री उशिरापर्यंत जागून एकमेकींना गणितं समजावून द्यायच्या. मला त्या आमटीचासुद्धा हेवा वाटायचा.

म्हणून माझी मुलगी २०२४ ला पुण्यात इंजिनिअरिंगला लागली आणि घरात "ताई आहेच की सिंहगड रोडला" हे सुरू झालं, तेव्हा मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, हॉस्टेल. ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. यांचं म्हणणं, आपलं माणूस असताना परक्यात पैसे का घालायचे? सासूबाईंचं म्हणणं, हॉस्टेलवर मुलींवर लक्ष कुणाचं असतं?

आता गंमत ऐका. आम्ही राहतो लातूरला. अकरावी-बारावीला, नीटच्या तयारीला बाहेरगावची पोरं इथे खोल्या घेऊन राहतात हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर परळी-अंबाजोगाईकडच्या मुली भाड्याने राहतात आणि ते भाडं दर महिन्याला सासूबाई स्वतः मोजून घेतात. त्या मुलींच्या आयांनी लक्ष कुणाचं असतं असं विचारलं की याच सासूबाई सांगतात, "काळजी करू नका, मुली गुणी आहेत." दुसऱ्याच्या मुली गुणी, आणि घरच्या नातीवर मात्र पहारा हवा. मी हे बोलून दाखवलं. मग शाहू महाराजांवर आले. १९०१ साली त्यांनी कोल्हापुरात वसतिगृह काढलं, पुढे एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली, ती काय पोरांना नातेवाईक नव्हते म्हणून? सासूबाई म्हणाल्या, "ते मुलगे होते." मग हिंगण्याला कर्व्यांच्या आश्रमात कोण राहत होतं? शंभर वर्षांपूर्वी मुली तिथे राहूनच शिकल्या. त्यावर त्या पोथी घेऊन बसल्या.

पैशाचा मुद्दा मात्र खरा होता, तो मी हिशोबानेच मिटवला. आमचं ओबीसी. मुलींच्या फीमाफीचा निर्णय नेमका त्याच वर्षी आला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. हॉस्टेल आणि मेस यात येत नाही, हे नीट लक्षात घ्या, पुष्कळांचा तिथे गैरसमज होतो. मी यांना म्हटलं, फीसाठी म्हणून बाजूला टाकलेले पैसे आहेत ना, तेच हॉस्टेलला लावा. आता तोंड उघडायला जागा नव्हती. तुमचं आरक्षणात बसत नसेल पण शेती थोडी असेल, तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना पाहा. ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. दोन्हींच्या अटी वाचून घ्या. आणि मुलीच्या बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का ते आत्ताच बघा. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून येणारे पैसे तिथेच अडकतात आणि मग जो तो दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवतो.

ताई रुसल्या. का नाही रुसणार? "माझ्या घरात काय कमी होतं?" असा निरोप आला. त्या दिवाळीला आल्या नाहीत. पण हॉस्टेलच्या फॉर्मवर एक रकाना असतो, स्थानिक पालक. नाव, पत्ता, फोटो, सही. मी यांच्यामार्फत न बोलता स्वतः ताईंना फोन केला होता, म्हटलं, "हा मान तुमचाच आहे." चिडलेल्या होत्या तरी फोटो घेऊन गेल्या, रेक्टरबाईंना भेटल्या, गेट किती वाजता बंद होतं, पाहुण्यांना कुठवर सोडतात, सगळं विचारून आल्या आणि संध्याकाळी मला फोन करून अर्धा तास सांगत बसल्या. सहीचं काम होतं, पण त्यांनी हॉस्टेलची पूर्ण तपासणी केली.

पुढे पावसाळ्यात मुलीला डेंग्यू झाला. ताईंनीच रिक्षाने घरी नेलं, रक्ततपासण्या केल्या, मऊ भात भरवला, बरी होईपर्यंत सोडलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात एक वाद कायमचा चालू आहे. हे म्हणतात, "बघ, शेवटी ताईच कामाला आली, मग तिथेच ठेवली असती तर काय बिघडलं असतं?" मी म्हणते, ती तिथे राहत नव्हती म्हणूनच ताईंनी इतक्या मायेनं केलं. रोज बाथरूमच्या रांगेत उभी राहणारी, रात्री दिवा चालू ठेवणारी भाची आजारी पडली की घरातल्यांना आणखी एक काम वाटतं. हॉस्टेलवरून आलेली भाची पाहुणी असते. हे त्यांना पटलेलं नाही. तुम्ही ज्या कुणी बाई किंवा गृहस्थ असाल, तुमच्या घरात हाच वाद होणार, त्याआधी तो मिटवा. आणि एक विचारते, आत्याला कुणी विचारलंय का? की तिच्या भावाने परस्पर ठरवलं? आणि आत्याच्या यजमानांना? चार वर्षं त्यांच्या हॉलमध्ये तुमची मुलगी झोपणार आहे.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं थोडक्यात सांगते. मूळ कागद प्रवेशाच्या वेळी लागतात. टीसी, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, डोमिसाइल, जातीची वैधता, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला. भरपूर झेरॉक्स काढा आणि सगळं स्कॅन करून मुलीच्या फोनमध्ये ठेवा. बापाच्या फोनमध्ये ठेवू नका, ते ऐन वेळी मीटिंगमध्ये असतात. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र मुलीला आणि पालकांना, दोघांनाही द्यावं लागतं. त्याची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ तिच्याकडे लिहून द्या. हॉस्टेलची यादी प्रवेशानंतर लागते आणि पहिल्या यादीत नाव येईलच असं नाही, तोवर पेठांमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, सोय होते. खोली बघायला जाल तेव्हा भिंतीचा रंग पाहू नका, पाणी किती वाजता येतं ते विचारा आणि डिपॉझिटची पावती घ्या. मेस रविवारी संध्याकाळी बंद असते, तेवढ्यापुरतं काहीतरी डब्यात हवं. इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगचा ड्राफ्टर आणि शीट ठेवायची नळी अप्पा बळवंत चौकात मिळते, बादली-मग-दोरी तुळशीबागेत. बार्शी किंवा लातूरहून बादली घेऊन जाणारे आई-बाप मी स्वर्गेटला पाहिलेत, आत मसाल्याच्या पुड्या. गादी तर अजिबात नेऊ नका. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, मुलगी घरी आली की परत जाताना हवं ते घेऊन जाईल. खर्चाला किती द्यावेत हे कॉलेज कुठल्या भागात आहे त्यावर ठरतं, पण जे द्याल ते महिन्याच्या पहिल्या तारखेला एकदम द्या आणि चहाच्या कपाचा हिशोब मागू नका.

मन घट्ट कसं करायचं? ते आपोआप होतं. नाही झालं तरी कॉलेज सुरू होतंच.

आता मामीविषयी एक राहिलं, नाहीतर वाचून तुम्ही तिला शिव्या घालाल. ती वाईट नव्हती. तेव्हा जेमतेम तिशीची, दोन लहान पोरं, घर एवढंसं, आणि नवऱ्याने न विचारता आणून बसवलेली भाची. माझ्या लग्नात सगळ्यांत जास्त तीच रडली. आज फोन केला तर तासभर बोलते. पण तिच्या घरी शिकायला राहणं आणि तिच्यावर माया असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हेही मान्य की प्रत्येकाला हॉस्टेल परवडत नाही, कुणाला मिळत नाही, काही मुलींना घरच्या वातावरणातच बरं वाटतं. काही आत्या खरोखर सोन्यासारख्या असतात. तसं असेल आणि आत्याकडेच ठेवायचं ठरलं, तर मुलीला दार लावून बसता येईल अशी एखादी जागा, गॅलरीत का होईना, आधी ठरवून घ्या. आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम आत्याच्या हातात द्या. आकडा पहिल्याच दिवशी बोला, लाजू नका. ती नको नको म्हणेल, तरी द्या. फक्त ज्वारी पाठवू नका.