दुखत नसलं तरी गुडघा बघ

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या संधिवाताच्या, म्हणजे लहान वयात होणाऱ्या सांधेसुजीच्या, औषधांचा डबा आता आईकडून तुझ्याकडे आलाय, तर आधी मेथोट्रेक्सेटचं, म्हणजे ही सूज आवरणाऱ्या गोळीचं. ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली गेली तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. २.५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्यांत गल्लत होते, म्हणून नवीन पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय ती डब्यात टाकू नकोस. वार पक्का ठरव. सुट्टीच्या आदली रात्र बरी, मळमळलं तरी शाळा बुडत नाही. डोस राहिला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही, फोन करून विचारायचं. फॉलिक ॲसिड मळमळ कमी करण्यासाठीच आहे, कंटाळून सोडू नकोस. तरीही गोळी नुसती पाहून पोटात ढवळायला लागलं, तर ते नाटक नाही, बऱ्याच मुलांना होतं. सांगितलंस तर इंजेक्शनचा किंवा दुसरा मार्ग निघतो. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तेवढा धीर धर.

आता गुडघा. या आजारात सूज असूनही दुखत नाही, असं पुष्कळदा होतं. म्हणून दुखण्यावर भरवसा ठेवू नकोस. आठवड्यातून एकदा सपाट गादीवर पाय लांब करून बस आणि गुडघे खाली दाब. एकाच गुडघ्याखाली हात सहज सरकत असेल, तर तो पुरता सरळ होत नाहीये. वाटीच्या आतल्या बाजूची खळगी दोन्हीकडे ताडून बघ. एकीकडची भरून आली असेल तर आत पाणी आहे. सकाळी अंग मोकळं व्हायला किती मिनिटं लागली, तेही लिहून ठेव. दहाची चाळीस झाली की डॉक्टरांना कळवायचं. उठल्याउठल्या गरम पाण्याने अंघोळ केली की आखडणं सैल होतं. रात्री गुडघ्याखाली उशी मात्र नको. बरं वाटतं खरं, पण सांधा वाकलेलाच आखडतो.

डोळे तर याहून गुपचूप बिघडतात. आतली सूज लाली, वेदना काहीच दाखवत नाही, सांधे शांत असतानाही येते आणि नजर घेऊन जाऊ शकते. ती फक्त स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या दिवा लावलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ‘मला नीट दिसतंय’ म्हणून डोळे तपासायची तारीख टाळू नकोस.

ताप आला किंवा कांजिण्या झालेल्या कुणाशी संपर्क आला तर त्याच दिवशी कळव. कुठलीही लस घेण्याआधी विचार. काही जिवंत लशी तुला चालत नाहीत. स्टेरॉइड चालू असेल तर स्वतःहून एकदम बंद करायचं नाही.

पुढच्या तपासणीला पहिली पाच मिनिटं एकटीच आत जा. दारू, गर्भधारणा, जे आईसमोर विचारवत नाही ते तिथे विचार. दोन्हींचा मेथोट्रेक्सेटशी थेट संबंध आहे. आणि किती डोस चुकले ते खरं सांग. नाहीतर औषध लागू पडत नाही असं समजून डॉक्टर आणखी जोरकस औषध लिहून देतील.

तुझी,
ताई