वेझलेला पळत जाऊ नका, वेझलेहून पळत या

तुमचा बेत मला समजला तो असा: जूनच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या बरगंडीत आवालाँ गावी मुक्काम, गाडी घेणार नाही, नवरा पळत नाही, आणि एके दिवशी तुम्ही सकाळी आवालाँहून पळत टेकडीवरच्या वेझले गावी जाणार, तो टॅक्सीनं येणार, दिवसभर जुनी चर्चं बघून संध्याकाळच्या बसनं दोघं परत. बाकी सगळ्याला माझा पाठिंबा आहे, विरोध फक्त त्या बसला. नवऱ्याच्या जागी बायको आणि सासूबाई टाका, की हा बेत शब्दन् शब्द माझा होतो. म्हणून इतकं लांब लिहितोय.

बूट, पाणी, एनर्जी जेल यावर काही लिहीत नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळलात म्हणताय, तर ते तुम्हाला माझ्याइतकंच कळतं. वेळा आणि भाडी आयत्या वेळी स्वतः तपासा, मी तिकडं राहत होतो त्याला काही वर्षं झाली.

आता बसचं. आवालाँ-वेझले हे अंतर रस्त्यानं 15 किमी. आदल्या दिवशी मी तिथल्या भागातल्या एका माहिती केंद्रात गेलो (नाव आणि गाव मुद्दाम लिहीत नाही). काउंटरवर विचारलं, उद्या शनिवार, संध्याकाळी वेझलेहून परत यायला बस आहे का? बाईंनी हसून छापील वेळापत्रक दिलं, एका वेळेवर पेनानं गोल केला, वर "बॉन कूर्स" (छान पळा) असं म्हणून शुभेच्छाही दिल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या वेळेच्या बरंच आधीपासून थांब्यावर उभे. बस आली नाही. पुढचीही नाही. त्याच कागदावर तळाला मुंगीच्या अक्षरात दोन खुणांचे अर्थ दिले होते: एक, ही फेरी फक्त शाळा चालू असलेल्या दिवशी, दुसरा, आदल्या दिवशी ठरावीक वेळेच्या आत फोन करून मागणी नोंदवली तरच गाडी येणार. ज्या हातानं गोल केला त्या हाताला त्या खुणा रोज दिसत असणार. रोज तेच काम.

फोन लावला तर केंद्र बंद. सकाळचा टॅक्सीवाला कुठल्याशा लग्नाला गेलेला. शेवटी एका खानावळीच्या मालकिणीनं दूरच्या गावाहून टॅक्सी बोलावून दिली. त्या टॅक्सीवाल्यानं येण्याचे, जाण्याचे आणि शनिवार संध्याकाळचे असे तिन्ही पैसे लावले. त्या रकमेत आम्ही पॅरिसला जाऊन आलो असतो. तोवर सासूबाई दगडी कट्ट्यावर शाल गुंडाळून बसलेल्या. म्हणाल्या, "एसटी असती तर उशिरा का होईना, आली असती." यावर मी काय बोलणार?

सोमवारी केंद्रात गेलो. तिथं सांगितलं, बस आमच्याकडं नाही, वाहतूक विभागाला विचारा. वाहतूक विभागानं फोनवर सांगितलं, माहिती देणं हे माहिती केंद्राचं काम. ईमेल केली, त्याला फार सुंदर भाषेत उत्तर आलं की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. पुढं एकदा त्या गावातून जाताना बघितलं, फळीवर तोच कागद, त्याच मुंग्या. बरं, माणसं वाईट नव्हती. पण "आहे का" असं विचारलं की कागदावर आहे म्हणून "आहे" म्हणायचं, आणि "उद्या, आम्हा तिघांना घेऊन जाईल का" हे विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असल्या कारभाराला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. फ्रान्सच्या ग्रामीण भागात अशा मागणीवरच्या फेऱ्या बऱ्याच आहेत. सोय म्हणून त्या चांगल्याच, फक्त सांगा तरी!

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो, आणि तो तुम्हालाही सांगतो: एका गावाहून दुसऱ्या गावी पळायचं असेल तर वाहन आधी वापरायचं, पाय नंतर. मुक्कामाच्या दिशेनं पळायचं. परतीचं वाहन चुकलं तर तुम्ही अडकता. जायचं वाहन चुकलं तर फार तर बेत बदलता, न्याहारी करता आणि गावाभोवती पळता. काही जण म्हणतात की वेझलेला पायी पोचण्यातच मजा आहे, टेकडी समोर वाढत जाताना दिसली पाहिजे. खरं आहे. आवालाँकडून जाताना फोंतेत गावच्या उतारावर ती समोर येते तेव्हा पेस (पळण्याची लय) आपोआप बिघडतो. उलट दिशेनं पळताना तिथं थांबून मागं वळून बघा, तेवढ्यावर भागवा.

वाट अशी. सकाळी लवकर दोघंही टॅक्सीनं वेझले (आदल्या दिवशी ठरवून, आणि नवऱ्याचं परत येणंही त्याच माणसाशी त्याच वेळी पक्कं करून). बासिलिका (तिथलं मोठं जुनं चर्च) गर्दीच्या आधी बघून घ्या. मग टेकडी उतरून 2 किमीवर सें-पेर. तिथलं गॉथिक चर्च वेझलेच्या सावलीत राहिल्यानं लोक गाडीतूनच बघतात. तुम्ही थांबा, त्याचा मनोरा खालून बघण्यासारखा आहे. क्यूर नदी ओलांडली की फोंतेतपर्यंत शंभरेक मीटरचा चढ, हा दिवसातला खरा चढ. पुढं माळ, गहू, गाईगुरं, मग पोंतोबेर. तिथलं 12 व्या शतकातलं साधं रोमानेस्क (गॉथिकच्या आधीच्या, गोल कमानींच्या शैलीतलं) चर्च मला तर वेझलेइतकंच आवडतं. पोंतोबेरहून मुख्य रस्ता सोडायचा आणि कुझँ नदीच्या काठाकाठानं, जुन्या पाणचक्क्यांच्या शेजारून, झाडीतून आवालाँच्या खाली यायचं. शेवटी तटबंदीपर्यंत चढ. पाय तोवर जड झालेले असतात आणि गाव डोक्यावर दिसत असतं, तेव्हा थोडं जेल शिल्लक ठेवा. एकूण चढाई सिंहगडाच्या निम्म्याच्या आसपास, पण ती तुकड्यातुकड्यानं येते.

एक ठाम सांगतो: डी 957 या मुख्य रस्त्यानं पळू नका. नकाशावर तो सरळ दिसतो, कडेला पाय ठेवायला जागा नाही आणि गाड्या 80 नं येतात. गावागावांतल्या पाऊलवाटा आणि शेतवाटा घ्या. जिथं डांबरावर यावंच लागेल तिथं डाव्या कडेनं पळा, कारण तिकडं वाहतूक उजवीकडून. आपल्याकडं समोरून येणारी गाडी बघायला आपण उजवीकडून पळतो, ती सवय तिकडं घातक.

खुणा: वर पांढरा, खाली लाल असे दोन पट्टे म्हणजे लांब पल्ल्याची जीआर वाट, नुसता पिवळा पट्टा म्हणजे स्थानिक फेरी, फुली म्हणजे इकडं नाही. वेझलेतून जीआर 13 जाते, शिवाय स्पेनमधल्या सान्तियागोकडं जाणाऱ्या यात्रेकरूंची जीआर 654 सुद्धा. दोन्हींचे पट्टे सारखेच, त्यामुळं नुसते पट्टे बघत गेलात तर तुम्ही भलत्याच, दूरच्या लिमोज शहराच्या दिशेला लागाल. आयजीएन या सरकारी नकाशा संस्थेचा 1:25,000 नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, दरीत रेंज जाते.

पाणी संपलं तर दफनभूमी शोधा. बहुतेक गावांत तिथं फुलझाडांसाठी नळ असतो. 'पिण्याचं नाही' अशी पाटी असेल तर अर्थातच नको. दुकानांवर विसंबू नका, 12 ते 2 सगळं बंद, आणि सोमवारी बेकरीही बंद असण्याची शक्यता मोठी. जूनमध्ये उंच गवतात गोचीड असतात, घरी आल्यावर गुडघ्यामागं बघा. मी डॉक्टर नाही, पण चावल्यावर भोवती लाल वर्तुळ पसरायला लागलं तर डॉक्टरकडं जाच.

गाडीशिवायचा दुसरा पर्याय रेल्वेचा, आणि तुमची लांब पळायची तयारी असेल तर मला तो जास्त आवडतो. आवालाँहून छोट्या गाडीनं सेर्मिझेल. स्टेशनच्या पाटीवर वेझलेचंही नाव आहे, म्हणून लोक फसतात; प्रत्यक्ष वेझले तिथून 10 किमी. तेच आपल्याला हवं. क्यूरच्या खोऱ्यानं आस्कँ, आणि तिथून रस्ता सोडून कोर्देलच्या चॅपलवरून टेकडीच्या मागच्या अंगानं चढून सेंत-क्रुआ दरवाजातून आत. 31 मार्च 1146 ला क्लेर्व्होचा मठाधिपती बर्नार यानं दुसऱ्या क्रुसेडचं (ख्रिस्ती धर्मयुद्धाचं) आवाहन केलं ते याच उतारावर, कारण एवढी माणसं चर्चमध्ये मावेनात. 1190 साली तिसऱ्या क्रुसेडला निघताना इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि फ्रान्सचा राजा फिलिप इथंच भेटले. चढताना दम लागला की थांबायला याहून चांगलं कारण मिळणार नाही. मग वर लिहिलेल्या वाटेनं आवालाँ. सगळं मिळून 27-28 किमी, त्यामुळं आठवड्याच्या शेवटी ठेवा. गाड्या मोजक्या आहेत, पण इथंही वाहन आधीच येतं, म्हणून काळजी नाही.

नवरा वेझलेलाच राहणार असेल आणि तुम्हाला फक्त 15 एक किमी हवे असतील तर वेझले, सें-पेर, फोंतेन साले, प्येर-पेर्त्युई आणि परत अशी फेरी करा. फोंतेन सालेला खाऱ्या पाण्याचे झरे आणि रोमन स्नानगृहांचे अवशेष आहेत. ओकचे बुंधे पोखरून केलेल्या तिथल्या विहिरी ख्रिस्तपूर्व तिसऱ्या सहस्रकातल्या. प्येर-पेर्त्युईला वरच्या उंच पुलावरून खाली बघा, खाली दुसरा जुना कमानदार पूल आहे, त्यावरून पळत जायचंय. तिथून पुढं बाझोशला वोबाँचा वाडा आहे, पण तो या फेरीत कोंबू नका, वेगळा दिवस द्या. वोबाँ म्हणजे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा किल्लेबांधणीकार, जन्म 1633, म्हणजे महाराजांहून तीनच वर्षांनी लहान. किल्ल्यांच्या माणसांना हे सांगावं लागत नाही. आवालाँच्या चौकात त्याचा पुतळा आहे, तो घडवणारा बार्तोल्दी. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता त्याचीच.

वेझलेच्या मुख्य रस्त्यावर रोमाँ रोलाँचं घर आहे, आता तिथं आधुनिक चित्रांचं संग्रहालय आहे. गांधीजी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांची चरित्रं फ्रेंचमध्ये लिहिणारा हा माणूस 1944 च्या डिसेंबरात याच घरात वारला. सासूबाईंना सगळ्या सहलीत हीच एक जागा मनापासून आवडली, त्या दगडी कट्ट्याच्या तुलनेत तर फारच.

बासिलिकेत शॉर्ट्स आणि घामट बनियनवर जाऊ नका, पिशवीत पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट ठेवा. कोणी हाकलत नाही, पण आत प्रार्थना चालू असते. आतल्या मोठ्या दारावरचं शिल्प नीट बघा: येशू मधोमध, आणि कडेनं जगाच्या टोकावरची माणसं, सुपाएवढ्या कानांची, कुत्र्याच्या तोंडाची, घोड्यावर चढायला शिडी लागणारी ठेंगू. यातली कुत्र्याच्या तोंडाची जमात जुन्या ग्रीक लेखकांनी थेट भारतात वसवली होती. तेव्हा नातेवाईक भेटले म्हणून फोटो काढायला हरकत नाही.

तुम्ही एखादी स्पर्धाही शोधताय असं शेवटी लिहिलंय. आता तिकडं बहुतेक शर्यतींना डॉक्टरच्या दाखल्याऐवजी फ्रेंच ॲथलेटिक्स फेडरेशनच्या संकेतस्थळावर आरोग्याबद्दलचे छोटे व्हिडिओ बघून क्रमांक घ्यावा लागतो. तो आधी घ्या, मग नोंदणी करा. नियम बदलत असतात, आयोजकाचं पान वाचा.

आणि तारखा 21 जूनच्या आसपासच्या असतील तर वरचा सकाळचा बेत विसरा. त्या दिवसांत सूर्य माथ्यावर असताना, घड्याळात पावणेदोनच्या सुमारास, दक्षिणेकडच्या खिडक्यांतून पडणारे उजेडाचे ठिपके बासिलिकेच्या मधोमध एका रांगेत येतात, दारापासून वेदीच्या दिशेनं. ढग नसतील तरच, आणि गर्दी असतेच. तेव्हा टॅक्सी 11 ची सांगा, खाणं बरोबर घ्या, ठिपके बघा, उन्हं उतरेपर्यंत नवऱ्याबरोबर पांढऱ्या वेझले वाइनच्या दुकानात किंवा संग्रहालयात वेळ काढा (तुम्ही वाइन चाखू नका, पळायचंय), आणि सहाच्या पुढं निघा. अंधार पडायला दहा वाजतात. नवऱ्याची टॅक्सी मात्र सकाळच्याच माणसाकडून संध्याकाळसाठी लिहून घ्या, आणि त्याला त्या दिवशी कुणाचं लग्न नाही ना, तेही विचारा.