होम लँग्वेज सर्व्हेत मराठी लिहायचं का?

तुम्ही विचारलंत, मुलगी चौथीत आहे, न्यू जर्सीला चाललोय, शाळांचं रेटिंग बघून घर घ्यावं का आणि शाळेच्या फॉर्मवर (होम लँग्वेज सर्व्हे) घरची भाषा मराठी लिहावी का. व्हिसा, लसीकरण वगैरे सगळं साइटवर मिळेल, ते सोडते.

रेटिंग म्हणजे बहुतेक टेस्टचे मार्क, आणि ते आईबापाच्या पगाराबरोबर वर जातात. त्यापेक्षा राज्याचं स्कूल रिपोर्ट कार्ड, म्हणजे प्रत्येक शाळेचा निकाल, उघडा. 2015 च्या एस्सा या अमेरिकेच्या शिक्षण कायद्यामुळे फेडरल, म्हणजे केंद्राचा, पैसा घेणाऱ्या राज्याला तिसरी ते आठवी दरवर्षी रीडिंग आणि मॅथ्सची टेस्ट घ्यावीच लागते, निदान 95 टक्के मुलं बसवायची, आणि निकाल गरीब मुलं, वंश, स्पेशल एज्युकेशन, इंग्लिश लर्नर (इंग्रजी अजून शिकणारी मुलं) असे गट पाडून दाखवायचा. हे मला मनापासून पटतं, नाहीतर सरासरीच्या आड कोण मागे राहिलं ते दिसतच नाही.

पण माझ्या लेकीचं काय झालं तेही सांगते. फॉर्मवर मराठी लिहिलं, म्हणून तिची इंग्रजीची तपासणी झाली. पुण्यात इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली पोर, हेडसेट लावून कॉम्प्युटरच्या माइकमध्ये बोलायचं म्हटल्यावर गप्पच बसली. झाली इंग्लिश लर्नर. मग रोज सायन्सच्या तासाला उठवून वेगळ्या खोलीत न्यायचे, का ते मला कोणी नीट सांगितलंच नाही, आणि तिने ठरवलं की हे सगळं मराठीमुळे होतंय. त्या यादीतून बाहेर पडली तेव्हा मार्क उत्तम होते, पण घरी आजही मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. तो राग माझा अजून गेलेला नाही.



फॉर्मवर मराठीच लिहा, खरं आहे ते. फक्त तपासणीच्या आधी मुलीला हेडसेटवर मोठ्याने बोलायची सवय लावा. शाळा सुरू झाल्यापासून 30 दिवसांत त्यांनी तुम्हाला लेखी कळवायचं असतं, त्या कागदावर तिची इंग्रजीची लेव्हल बघा, कोणत्या तासाला उठवणार ते विचारा. इंग्रजीची ही वेगळी शिकवणी (सर्व्हिस) नाकारायचा हक्क तुम्हाला आहे, इंग्रजीची वार्षिक टेस्ट मात्र तरीही द्यावी लागते. आणि मुलीला आधीच सांगून ठेवा की वेगळं बसवलं तरी त्यात मराठीचा काही दोष नाही, हे मी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता.