२००९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात एंटरप्राइझ हे अंतराळजहाज जमिनीवर बांधताना दाखवलंय. हे मूळ मालिकेच्या विरोधात जात नाही का?

नाही, फक्त जागा बदलते. मूळ मालिकेत जहाजाच्या ब्रिजवरच्या (नियंत्रणकक्षातल्या) पाटीवर 'सॅन फ्रान्सिस्को' लिहिलंय. बांधणी जमिनीवर झाली की पृथ्वीभोवतीच्या कक्षेत, याचा पाटीवर उल्लेखच नाही. लोक १९७९ च्या चित्रपटातल्या कक्षेतल्या गोदीचा दाखला देतात, पण तिथे जुन्या जहाजाची डागडुजी अन् फेरबांधणी चाललीय, पहिली बांधणी नव्हे. २००९ च्या चित्रपटात जहाज अमेरिकेतल्या आयोवा राज्यात उभं राहतं. त्या चित्रपटाची कालरेषाच (घटनाक्रमच) मूळ मालिकेपेक्षा वेगळी असल्यामुळे ते चालून जातं. खरी अडचण वजनाची: जहाजाचा बशीसारखा पुढचा भाग आणि इंजिनं बारीक आधारांवर लोंबतात, त्यामुळे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात सगळा ताण सांध्यांवर येणार. अर्थात कृत्रिम गुरुत्वाकर्षण जमलेल्यांना हा भार पेलणं अवघड नसावं.