४३१००१ हातानं फोडून बघ
बाळा, मोठी संख्या दिसली की लगेच कॅल्क्युलेटर काढू नकोस. आपल्या संभाजीनगरचा पिनकोडच घे: ४३१००१. अंकांची बेरीज ९, म्हणजे नऊनं भाग जाणारच. आले ४७८८९, बेरीज ३६, पुन्हा नऊ. उरले ५३२१. ७३ चा वर्ग ५३२९, म्हणून ७३ च्या आतल्या मूळ संख्याच तपासायच्या. सतरानं भाग जातो, उरतो ३१३, तो मूळच.

खरी गंमत पुढं आहे! १७ आणि ३१३ ला चारनं भागलं की बाकी एक, आणि तीन आलाय सम वेळा, चारदा. म्हणून ही संख्या दोन वर्गांची बेरीज होते, तीही दोन प्रकारे: ३६०² + ५४९² आणि ३१५² + ५७६². वहीत करूनच बघ. मग नांदेडचा ४३१६०१ घे. त्यात तीन एकदाच येतो, तिथं काय अडतं ते शोध.